निधनवार्तेत काय गाळावं आणि काय गाळू नये

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतेय ते तुम्हालाही तपासता येईल. तुमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेचे संस्थापक अध्यक्ष वारले. घरच्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवला. त्यात 'सहकारमहर्षी', 'गोरगरिबांचे कैवारी', वय 81, अल्पशा आजाराने निधन, पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असं सगळं आहे. तुम्ही तालुक्याचे वार्ताहर, म्हणून तुम्हाला ठाऊक आहे की ती पतसंस्था बुडाली, ठेवीदारांचे पैसे अजून अडकलेले आहेत आणि अध्यक्षांवर गुन्हा दाखल होता. त्यांना एक मुलगीही आहे. तिनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून घरानं तिचं नाव टाकलंय. शिवाय मृत्यूच्या कारणाबद्दल गावात कुजबुज चालू आहे. आला तसा मजकूर लावला तर वाचकांशी खोटेपणा होतो, आणि त्यात हात घातला तर दुःखातल्या घरावर घाव घातल्यासारखं वाटतं. मग करायचं काय, असं तुम्ही विचारताय.

मी जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली आणि निधनवार्तांचा ढीग रोज संध्याकाळी माझ्यापुढे यायचा. त्या कामातून माझं एक मत पक्कं झालंय. या प्रश्नाला 'सत्य की सहानुभूती' असं तोंड दिलं की तो सुटत नाही. कारण तुमच्या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न आहेत. पतसंस्थेचा प्रश्न गावाचा आहे. मुलीचा प्रश्न घरातला आहे, पण आपण छापलेल्या वाक्याच्या खरेपणाशी त्याचा संबंध येतो. मृत्यूचं कारण जवळजवळ पूर्णपणे घरच्यांचं आहे. तिघांना एकच नियम लावला तर कुठे तरी अन्याय होतोच.

मी ज्या तत्त्वानं काम केलं ते असं. घरच्यांना गप्प राहण्याचा हक्क आहे, पण आपल्या हातून खोटं छापून घेण्याचा नाही. आणि ज्या कारणासाठी त्या माणसाच्या मृत्यूची आपण बातमी करतोय, त्या कारणाला जी गोष्ट चिकटलेली आहे, ती घरच्यांच्या सांगण्यावरून गाळता येत नाही. बाकीचं पुष्कळ गाळता येतं, आणि गाळावंही.

त्याआधी एक साधी गोष्ट ठरवा. हा मजकूर कोणाच्या नावानं छापला जाणार आहे? घरच्यांनी पैसे भरून 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची जाहिरात दिली, फोटो, फुलांची चौकट, खाली 'शोकाकुल' म्हणून सगळ्यांची नावं, तर ते त्यांचं बोलणं आहे. त्यात त्यांनी वडिलांना सहकारमहर्षी म्हटलं तर म्हणू द्या. त्यांच्या प्रेमावर आपण कात्री चालवू नये. जाहिरातीत मी दोनच गोष्टी बघायची: दुसऱ्या कुणाची बदनामी आहे का, आणि एखादी पदवी किंवा सरकारी सन्मान खोटा लावलाय का. पण तोच मजकूर 'निधनवार्ता' या सदरात, वर्तमानपत्राच्या आवाजात लागला, तर त्यातला शब्द न् शब्द आपला होतो. तालुक्याच्या पातळीवर अडचण अशी की वार्ताहरालाच जाहिराती गोळा करायच्या असतात, त्यावर त्याचं कमिशन असतं आणि तेच घर दहाव्याला पाव पान देणार असतं. तुम्ही ते लिहिलं नाहीत, पण असेलच. असं असेल तर बातमीचा मजकूर तुम्ही एकट्यानं ठरवू नका, जिल्हा कार्यालयातल्या उपसंपादकाला फोन करून त्याच्याकडून ठरवून घ्या. घरच्यांना 'वरून असं आलंय' हे सांगता येणं तुमच्यासारख्या गावातच राहणाऱ्या माणसासाठी फार गरजेचं असतं. त्यात भित्रेपणा काही नाही.

आता पतसंस्थेकडे येते, कारण खरा पेच तोच आहे.

हे गृहस्थ शेतकरी म्हणून किंवा कुणाचे तरी आजोबा म्हणून वारले असते, तर तुम्ही दोन ओळींची नोंद लावली असती. तुम्ही फोटोसह बातमी करताय ती ते पतसंस्थेचे संस्थापक अध्यक्ष होते म्हणून. मग पतसंस्थेची सुरुवात लिहायची आणि शेवट लिहायचा नाही, असं कसं चालेल? ज्या बाईनं मुलीच्या लग्नासाठी ठेव ठेवली आणि ती परत मिळाली नाही, तीही सकाळी तोच अंक उघडणार आहे. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. पतसंस्थेच्या ठेवीला ते नसतं. म्हणजे तिच्यापाशी उरलंय काय, तर पावती आणि आपल्यावर जे गुदरलं ते खरोखर घडलं होतं एवढी जाणीव. 'गोरगरिबांचे कैवारी' हे आपल्या आवाजात छापून आपण तीही काढून घेतो. शोक फक्त एका घरात आहे असं आपण धरून चालतो, ते अशा बातमीत बरोबर नसतं.

पण उलट बाजूही तितकीच खरी आहे, आणि तरुण वार्ताहर इथे घसरताना मी पाहिलेत. प्रामाणिकपणा म्हणजे गुन्ह्याचा उल्लेख, एवढंच त्यांना वाटतं. ज्या माणसानं हातगाडीवाल्याला, भाजीवालीला कुणी दारात उभं करत नव्हतं त्या काळात रोजच्या पिग्मीवर, म्हणजे दररोज जमा होणाऱ्या छोट्या ठेवीवर, कर्ज मिळवून दिलं, त्याचं ते काम खरं असेल तर तेही छापायलाच हवं. शेवटच्या काही वर्षांवरून अख्खं आयुष्य पुसून टाकणं हाही खोटेपणाच. या बाबतीत आपल्याकडे फार चांगला धडा आहे. टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यात संमतिवयाच्या कायद्यावरून 1891 मध्ये किती कडवा वाद झाला, 1895 च्या पुण्यातल्या काँग्रेसच्या वेळी समाजसुधारकांची सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात भरवू द्यायची की नाही यावरून काय घमासान झालं, हे सगळ्यांना माहीत आहे. जानेवारी 1901 मध्ये रानडे गेले, तेव्हा त्याच टिळकांनी केसरीतल्या मृत्युलेखात लिहिलं की थंड गोळ्यासारखा पडलेल्या महाराष्ट्राला ऊब देण्याचं काम रानड्यांनी केलं. विरोधकाचं खरं माप तेवढंच होतं आणि ते त्यांनी चोख दिलं. मराठी मृत्युलेखाची ही रीत गोडगोड बोलण्याची कधीच नव्हती. माणूस जेवढा होता तेवढा सांगायची होती.

'गुन्हा दाखल होता' हे तुम्हाला ऐकून माहीत आहे की कागदावर? अध्यक्षांचं प्रकरण नेमक्या कुठल्या पायरीवर होतं ते शोधा, कारण प्रत्येक पायरीला वेगळं वाक्य लागतं. सहकार कायद्यात कलम 83 खाली चौकशी होते आणि कलम 88 खाली संचालकांवर नुकसानीची जबाबदारी निश्चित होते. या दोन्ही सहकार खात्याच्या कारवाया आहेत. त्यांत कोणी 'दोषी गुन्हेगार' ठरत नाही. पोलिसांत गुन्हा नोंदवणं वेगळं, आरोपपत्र वेगळं, निकाल वेगळा. आरोपी वारला की त्याच्यापुरता फौजदारी खटला तिथेच संपतो. म्हणजे निकाल लागला नसेल तर तो माणूस दोषी होता की नव्हता हे आता कोणतंही न्यायालय सांगणार नाही, आणि आपणही सांगू शकत नाही. 'गुन्हा दाखल झाला होता, खटल्याचा निकाल लागलेला नव्हता' एवढंच लिहायचं. शिक्षा झाली असेल आणि अपील चालू असेल तर दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात द्या. अशा वेळी जवळच्या नातेवाइकांना 30 दिवसांत परवानगी मागून अपील पुढे चालवता येतं. त्यामुळे ते घर कदाचित नाव धुऊन काढण्यासाठी लढणारही असेल. निर्दोष सुटले असतील तर तेही ठळकपणे यायला हवं. कित्येकदा गावाला अटक आठवते आणि सुटका कुणाला माहीतच नसते.

घरच्यांच्या धास्तीचं एक कारण तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. कलम 88 ची जबाबदारी माणसाबरोबर जळून जात नाही. मृत संचालकाची मालमत्ता ज्याच्याकडे जाते त्या वारसाला म्हणणं मांडायची संधी देऊन ती कारवाई पुढे चालू शकते. म्हणजे 'सहकारमहर्षी' हा शब्द छापून आणण्यामागे निव्वळ माया असेल किंवा उद्याच्या सुनावणीसाठी कात्रणही हवं असेल. तुम्ही हेतू शोधत बसू नका. पण आपला अंक कोणाच्याही बाजूचा पुरावा होऊ नये याची काळजी घ्या.

कायद्याचं म्हणाल तर 'मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही' हे डेस्कवर सर्रास ऐकू येणारं वाक्य अर्धवट आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम 499 होतं, जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ते 356 आहे. त्याचं स्पष्टीकरण असं सांगतं की, माणूस जिवंत असता तर ज्यानं त्याच्या लौकिकाला धक्का बसला असता असं काही मृत व्यक्तीबद्दल म्हणणं, आणि ते घरच्यांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं म्हणणं, ही बदनामी ठरू शकते. त्याच कलमात अपवाद आहेत: गोष्ट खरी असेल आणि ती सांगणं लोकहिताचं असेल, किंवा सार्वजनिक कामातल्या वर्तनाबद्दल सद्भावनेनं मत मांडलं असेल. म्हणून कागद हातात ठेवा आणि विशेषणं टाळा. 'घोटाळेबाज', 'बहुचर्चित', 'वादग्रस्त' यांतून माहिती काही मिळत नाही, घरच्यांना टोचतं मात्र नक्की. 'ठेवी परत देणं अमुक साली थांबलं' हे वाक्य कोरडं आहे, पण त्यात ठेवीदाराला हवं ते सगळं आहे आणि विधवेला ओरबाडणारं काही नाही.

उल्लेख पहिल्याच दिवशी करावा की तेराव्यानंतर? यावर डेस्कवर मतं वेगळी असतात आणि दोन्ही बाजूंना मी मान देते. माझं मत असं की बातमी एकदाच लागते आणि लोक तीच लक्षात ठेवतात. म्हणून उल्लेख पहिल्याच दिवशी हवा, पण मथळ्यात नको, पहिल्या परिच्छेदात नको, आणि दोन-तीन वाक्यांच्या पुढे नको. ठेवीदारांच्या पैशांचं पुढे काय, हा मोठा विषय आहे. तो निधनवार्तेत कोंबू नका. दहा-पंधरा दिवसांनी स्वतंत्र बातमी करा, अवसायकाला, म्हणजे बुडालेल्या संस्थेचा व्यवहार आटोपायला नेमलेल्या अधिकाऱ्याला, भेटा, तेव्हा घराचं नाव न ओढताही ती होते.

आता मुलीबद्दल.

'पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे' हे वाक्य आपण इतक्या वेळा छापतो की ते विधान आहे हे विसरतो. 'असा परिवार' म्हटलं की यादी पूर्ण आहे असं आपण सांगतो. मुलगी जिवंत असताना ती यादी खोटी होते. पुढे वारसाच्या भांडणात कुणी ते कात्रण फडकावलं तर त्याला कायद्यात फारशी किंमत नसली, तरी त्या मुलीसाठी बापाच्या मृत्यूच्या दिवशी आपण तिला पुन्हा एकदा घराबाहेर काढलेलं असतं. आणि हे आपल्या आवाजात.

मी काय करायची ते सांगते. घरातल्या माणसाला सरळ विचारायची, 'मुलं किती? मुली किती?' प्रश्न कानावर पडला की बहुतेक जण सांगतात. रागानं मजकूर लिहिणारा एखादा भाऊ असतो आणि फोन उचलणारी आई किंवा काकू असते, ती हळूच म्हणते, 'एक मुलगी पण आहे हो.' मग 'दोन मुलगे, एक मुलगी' असं लिहायचं, नावं कुणाचीच द्यायची नाहीत. नावं नसली की बहुतेक घरं वाद घालत नाहीत. तरीही कुणी अडून बसलं तर यादीच काढून टाकायची. 'त्यांच्या पश्चात पत्नी व मोठा परिवार आहे' हे वाक्य कमी सांगतं, पण जेवढं सांगतं तेवढं खरं असतं. मुलीचं नाव आपण होऊन छापायला मात्र जाऊ नका. तिला ते हवंय का हे आपल्याला माहीत नाही. जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीचा नवा पत्ता-ठिकाणा माहेरच्या गावात छापून येणं काही घरांत धोक्याचं ठरतं. तिच्याशी बोलणं झालं आणि तिनं सांगितलं तरच.

दुसरं लग्न, लग्नाशिवायची सोबत, सोडून दिलेली पहिली बायको, या सगळ्याला मी हाच नियम लावला. घरातली भांडणं आपण सोडवायची नसतात. त्यांच्या एका बाजूच्या सहीचा शिक्का व्हायचं नाही, एवढंच बघायचं.

बायकांच्या निधनवार्तेबद्दल थोडं विषयांतर करते. 'अमुक अमुक यांच्या मातोश्रींचे निधन' असा मथळा, आत मुलाच्या पदांची यादी, आणि तिचं स्वतःचं नाव तिसऱ्या ओळीत किंवा कुठेच नाही, असे मजकूर अजूनही येतात. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेल्या बाईचं हे होतं. घरच्यांचा यात वाईट हेतू नसतो, त्यांना तसंच लिहायची सवय असते. 'त्या काय करायच्या?' एवढा एक प्रश्न विचारला की फोनवरचा माणूस पाच मिनिटं बोलतो. हे मोठमोठ्या वर्तमानपत्रांतही घडलंय. पंडिता रमाबाई एप्रिल 1922 मध्ये गेल्या. न्यूयॉर्क टाइम्सनं त्यांच्यावर मृत्युलेख छापला 2018 मध्ये, राहून गेलेल्या स्त्रियांसाठी मुद्दाम सदर सुरू केल्यावर.

मृत्यूच्या कारणाबद्दल माझं मत अगदी स्पष्ट आहे: घरच्यांनी सांगितलं नाही तर लिहायचं नाही, आणि कुजबुज तर मुळीच नाही. आपला कायदाही याच बाजूनं आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात तरतूद आहे की मृत्यूच्या नोंदीचा जो उतारा लोकांना दिला जातो त्यात कारण उघड करायचं नाही. नोंदवहीत ते असतं, दाखल्यावर येत नाही. सरकारी दाखला जे सांगत नाही ते निधनवार्तेनं सांगितलंच पाहिजे असं नाही. एचआयव्हीबाबत तर 2017 चा वेगळा कायदाच आहे आणि संमतीशिवाय ती माहिती उघड करणं त्यानं मना केलंय.

पण गाळणं वेगळं आणि खोटं कारण घालणं वेगळं. 'अल्पशा आजाराने', 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने' ही वाक्यं हाताला इतकी सवयीची झालीत की कारण कळलं नाही तरी ती आपोआप टाइप होतात. ती तुम्ही स्वतःहून घालू नका. 'मंगळवारी पहाटे राहत्या घरी निधन झाले' इथे थांबता येतं. वाचकाला काही कमी पडत नाही. घरच्यांनी एखादं कारण सांगितलं आणि ते खोटं असल्याचं तुमच्याकडे ठोस काही नसेल तर त्यांचं ऐका. ठोस काही असेल तर कारणाचा उल्लेखच नको.

कुजबुज आत्महत्येची असेल, तर प्रेस कौन्सिलनं 2019 मध्ये स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वं वाचून ठेवा. पद्धत सांगायची नाही, जागेचा तपशील द्यायचा नाही, मथळा भडक नको, बातमी ठळक जागी नको, फोटो नको. निधनवार्तेत तर त्याचा विषयही काढू नका. पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद झाली असेल आणि गृहस्थ सार्वजनिक जीवनातले असल्यानं बातमी टाळता येत नसेल, तर ती पोलिसांच्या हवाल्यानं वेगळी, छोटी आणि कोरडी करावी. आणि 'पतसंस्थेच्या तणावातून' असा निष्कर्ष आपण कधीही काढायचा नाही. माणूस असं पाऊल एका कारणानं उचलत नाही. आणि या निष्कर्षाचं ओझं ठेवीदारांवरही पडतं आणि मुलांवरही.

आता थोडं निव्वळ अचूकतेबद्दल. सगळ्यात आधी माणूस खरोखर गेलाय का, हे पक्कं करा. हे हसण्यावारी नेऊ नका. मार्च 1979 मध्ये जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोक रुग्णालयात उपचार घेत होते आणि पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा केली. सभागृहानं श्रद्धांजली वाहिली. जेपी जिवंत होते. ते गेले त्याच वर्षी 8 ऑक्टोबरला. सरकारच्या हाताशी सगळी यंत्रणा असताना हे झालं, मग आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं काय घेऊन बसलात? घरातल्या एका माणसाचा आवाज कानानं ऐकल्याशिवाय मी निधनवार्ता सोडली नाही. फॉरवर्ड झालेल्या दहा 'भावपूर्ण श्रद्धांजली' म्हणजे एकच स्रोत असतो.

वय घरात कुणालाच नीट माहीत नसतं. शाळेच्या दाखल्यावरचं, आधार कार्डावरचं आणि बहिणीला आठवणारं अशी तीन वयं निघतात. आधारवरचं घ्या, वाद असेल तर वय सोडून द्या. 'ज्येष्ठ स्वातंत्र्यसैनिक' असेल तर जन्मसाल मांडून बघा, पण घाईनं कापू नका. 1938 साली जन्मलेला माणूस 1942 मध्ये चार वर्षांचा होता हे खरं, पण ऑगस्ट 1955 च्या गोवा सत्याग्रहात तो सतरा वर्षांचा होता आणि गोवा मुक्त व्हायला डिसेंबर 1961 उजाडला. सन्मानपत्र किंवा निवृत्तिवेतनाचा कागद घरात असतोच, फोटो पाठवायला सांगा. घरच्यांना त्याचा अभिमान असतो, ते आनंदानं पाठवतात. 'सहकारमहर्षी'ला असा कागद नसतो. ती उपाधी कुणी दिली ते सांगता येत नसेल तर बातमीत तिला जागा नाही. जाहिरातीत ती राहू द्या.

फोन कसा करावा, याचं कुणी शिक्षण देत नाही, म्हणून सांगते. मुलाला करू नका. तो स्मशानात असतो, नाहीतर लाकडं, खांदेकरी आणि पाहुण्यांच्या गाड्या बघत असतो. जावई, मेहुणे, शेजारी, संस्थेतले जुने सहकारी असा कुणी तरी असतो ज्याच्या हातात त्या दिवशी कागद आणि फोन असतो. त्याच्याशी बोला. सुरुवात नावाच्या स्पेलिंगपासून करा, वडिलांचं नाव, गाव, जन्मसाल, शिक्षण, मग काम. बोलता बोलता माणूस सावरतो. अवघड गोष्ट शेवटी, आणि विचारायची नाही, सांगायची: 'बातमीत पतसंस्थेच्या ठेवींचा आणि खटल्याचा एक उल्लेख येणार आहे. घरच्यांना त्यावर काही म्हणायचं असेल तर मी ते त्याच बातमीत देईन.' मग थांबा. राग येईल, तो ऐकून घ्या. बऱ्याचदा त्यानंतर एखादं वाक्य येतं जे तुम्हाला माहीतच नसतं, जसं की त्यांनी स्वतःची जमीन विकून काही लोकांचे पैसे फेडले होते. ते खरं असेल तर बातमीत हवंच. घरच्यांना सकाळी अंक उघडल्यावर ते कळणं आणि आदल्या संध्याकाळी आपल्या तोंडून कळणं, यात फार अंतर आहे. मी आदर म्हणते तो हा. मजकूर मंजुरीसाठी पाठवायचा मात्र नाही. नावं, तारखा, नाती फोनवर वाचून दाखवायला हरकत नाही.

तुमच्या जागी मी असते तर साधारण असं लिहिलं असतं. गाळलेल्या जागा कागद बघून भरा:

'___ नागरी सहकारी पतसंस्थेचे संस्थापक अध्यक्ष ___ (वय 81) यांचे मंगळवारी पहाटे राहत्या घरी निधन झाले. त्यांच्यावर गावातील स्मशानभूमीत अंत्यसंस्कार करण्यात आले. ___ मध्ये त्यांनी पतसंस्था सुरू केली. भाजीविक्रेते, हातगाडीवाले व छोट्या दुकानदारांना दैनंदिन ठेवीच्या आधारावर कर्ज देण्याची पद्धत त्यांनी तालुक्यात रुजवली. ___ विद्यालयाच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. ___ पासून संस्थेच्या ठेवी परत देणे थांबले व पुढे संस्थेवर अवसायक नेमण्यात आला. या प्रकरणी त्यांच्यासह संचालकांवर गुन्हा दाखल झाला होता. खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. संस्था कर्जवसुली रखडल्याने अडचणीत आली, असे त्यांच्या कुटुंबीयांचे म्हणणे आहे. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार आहे.'

मथळा: '___ पतसंस्थेचे संस्थापक ___ यांचे निधन'. विशेषण नाही, प्रश्नचिन्ह नाही. कुटुंबीयांचं म्हणणं त्यांनी दिलं तरच घाला, आणि त्यांच्याच शब्दांच्या जवळ राहून.

दुसऱ्या दिवशी फोन येतील, दोन्हीकडून. ठेवीदार म्हणतील फार सौम्य लिहिलं, घरचे म्हणतील लिहायलाच नको होतं. दोघांचं ऐका, पण बातमीतली कुठली गोष्ट चूक आहे तेवढंच विचारा. तारीख, आकडा, नातं, पद यांत चूक निघाली तर कागद मागून त्याच दिवशी दुरुस्ती पाठवा, त्याच सदरात लावा, आणि वेबसाइटवरची मूळ बातमीही दुरुस्त करून खाली दुरुस्तीची तारीख टाका. छापील अंक आठवड्यात रद्दीत जातो, ऑनलाइन बातमी मात्र त्या घराचं आडनाव शोधणाऱ्या प्रत्येकाला पुढची कित्येक वर्षं दिसत राहते. घरच्यांनी 'ती दोन वाक्यं काढून टाका' असं म्हटलं तर काढू नका. पण पुढे न्यायालयाचा किंवा सहकार खात्याचा काही निर्णय आला, तर तो त्याच बातमीखाली जोडायची जबाबदारी आपली आहे. त्यासाठी अवसायकाचा नंबर आणि प्रकरणाचा क्रमांक आजच डायरीत लिहून ठेवा.